परदेशी रुग्ण : एजंटमार्फत की थेट?

नैरोबी, मस्कतहून मुंबईला गुडघा बदलायला किंवा बायपासला येणारा रुग्ण दोन वाटांनी येतो. एजंटची वाट झटपट. त्याची तिकडे ओळख असते. विमानतळावरची गाडी, खोली, दुभाषा सगळं तोच बघतो. नव्या रुग्णालयाला सुरुवातीला हे सोयीचं पडतं. पण त्याचं कमिशन शेवटी बिलातच चढतं, आणि टक्केवारी जास्त तिकडे रुग्ण वळवला जातो. ही कट प्रॅक्टिसच झाली. डॉक्टरांनी रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणं-घेणं वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमावलीतही निषिद्ध आहे. मला हे कमिशन मुळीच पटत नाही.

थेट वाटेला वेळ लागतो. अरबी किंवा स्वाहिली बोलणारं माणूस नेमावं लागतं. रुग्णाने एमआरआय पाठवला की दोन दिवसांत डॉक्टरांचं मत आणि खर्चाचा लेखी अंदाज गेला पाहिजे. त्यात इम्प्लांट, आयसीयूचे दिवस, फिजिओथेरपी वेगवेगळी दाखवलेली. मग व्हिसासाठी रुग्णालयाचं पत्र. ई-मेडिकल व्हिसा ६० दिवसांचा, सोबत दोघे येऊ शकतात. घरी परतल्यावरही व्हिडिओ कॉलवर टाक्यांची, चालण्याची चौकशी झाली, तर तोच रुग्ण गावातल्या दुसऱ्याला पाठवतो.

लहान रुग्णालयाला एजंट लागलाच, तर गाडी-खोलीच्या कामाचे ठरावीक पैसे द्यावेत. बिलावर टक्के नकोत.