‘फ्रूट पील’ म्हणून चेहऱ्यावर काय लावतात, ते आधी बघा

लग्नसराई आली की पार्लरमध्ये ‘फ्रूट पील’चं, म्हणजे अ‍ॅसिड लावून चेहऱ्याची वरची साल काढण्याचं, सहा सिटिंगचं पॅकेज गळ्यात मारलं जातं, पैसे आगाऊ घेऊन. बाटलीवर लेबल नसतं. विचारलं तर ‘उसाचंच आहे, नॅचरल’. ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसात असतं हे खरं, पण बाटलीतलं कारखान्यात तयार होतं आणि 70 टक्क्यांचं असेल तर ते भाजतंच.

फसवणूक दोन तऱ्हांची. एकीत अ‍ॅसिड जवळजवळ निकामी केलेलं असतं. लोक टक्का बघतात, पीएच (आम्लपणाचा आकडा, जितका कमी तितकं जास्त आंबट) बघत नाहीत. ग्लायकोलिकच्या द्रावणाचा पीएच 3.8 असेल तर निम्मंच अ‍ॅसिड मोकळं, म्हणजे काम करणारं, असतं, 4.8 असेल तर जेमतेम दहावा हिस्सा. म्हणजे ‘30 टक्के’ लिहिलेल्या बाटलीत कामाचं उरतं 3 टक्के. इथे पैसे जातात, चेहरा वाचतो.

दुसरी तऱ्हा मात्र चेहऱ्यावर उठते. पहिल्याच सिटिंगला साल निघावी म्हणून टीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. त्याचा फळांशी काही संबंध नाही. लावल्यावर थोड्याच वेळात त्वचा पांढरी पडते आणि ‘बघा, टॅन वर आला’ असं सांगतात. हे साफ खोटं आहे. अंड्याचा पांढरा बलक तव्यावर गोठतो तसं त्वचेतलं प्रथिन गोठलेलं असतं. ग्लायकोलिक सोडा-बायकार्बच्या (खायच्या सोड्याच्या) पाण्याने थांबवता येतं. टीसीएने आलेला पांढरेपणा कशानेही मागे फिरत नाही. टीसीए किती खोल जाणार हे टक्क्यावर आणि किती हात फिरवले यावर ठरतं. 35 टक्के मध्यम खोलीपर्यंत जातं, 50च्या वर व्रण राहण्याची भीती. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर त्याआधीच काळे डाग पडतात आणि महिनोन्महिने जात नाहीत. (सॅलिसिलिक या पीलच्याच दुसऱ्या अ‍ॅसिडनेही पांढरं दिसतं, पण ती वर साचलेली पूड असते, ओल्या कापसाने निघते. टीसीएचं पांढरं पुसून जात नाही.)

अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन-घटक तज्ज्ञ समितीने ग्लायकोलिक आणि त्याच्याच जातीच्या लॅक्टिक अ‍ॅसिडसाठी घातलेली मर्यादा लक्षात ठेवा: घरी वापरायला 10 टक्क्यांपर्यंत, पीएच 3.5 किंवा जास्त. प्रशिक्षित हातांनी पार्लरमध्ये, थोडा वेळ लावून धुण्यासाठी 30 टक्क्यांपर्यंत, पीएच 3 किंवा जास्त. टीसीएला पार्लरमध्ये जागाच नाही.

म्हणून बाटली मागा. अ‍ॅसिडचं नाव, टक्का, बॅच नंबर, मुदत, उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक त्यावर हवा. साध्या बाटलीत ओतून आणलेलं असेल तर उठा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेता का, रात्री रेटिनॉल लावता का, ओठांवर तापाच्या पुळ्या येतात का, गेल्या आठवड्यात ब्लीच, वॅक्स किंवा थ्रेडिंग केलं का, गरोदर आहात का, हे न विचारता ब्रश हातात घेणाऱ्याला काम कळत नाही. घड्याळ लावलं पाहिजे. ‘जळजळ म्हणजे काम करतंय’ हे ऐकून बसून राहू नका.

भाजलंच तर 15 ते 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. बर्फ, टूथपेस्ट, लिंबू काही लावू नका. त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बिल जपून ठेवा, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करताना लागेल. निघण्याआधी बाटलीचा फोटो काढा, कारण कोणतं अ‍ॅसिड होतं हे डॉक्टर सगळ्यात आधी विचारतील.