हिंदमाताजवळचं स्कूटर गॅरेज : पावसाळ्यात पत्ता लक्षात ठेवा

मुंबईत दादर-परळजवळचा हिंदमाता चौक म्हणजे बशीच. आजूबाजूचं पाणी सगळं तिथेच उतरतं आणि त्यात भरती असली की ते समुद्रात जाणार कसं? प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली पालिकेने टाक्या बांधल्यापासून पाणी लवकर ओसरतं, हे मान्य. पण सायलेन्सर बुडायला तेवढा वेळ पुरतो!

माझी ॲक्टिव्हा तिथेच बंद पडली. ढकलत परळच्या गल्लीतल्या या गॅरेजात आणली. मिस्त्री आधी ओरडलेच, "ताई, स्टार्टर मारू नका, पाणी आत खेचलं जाईल!" प्लग काढून सुकवला, भिजलेला एअर फिल्टर बदलला, बेल्टच्या कव्हरमधलं गढूळ पाणी सोडलं. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइल तपासायची कांडी, माझ्यासमोर धरली. ऑइल दुधाळ झालेलं, म्हणजे त्यात पाणी मिसळलेलं, बदलणं आलंच. प्लग मात्र जुनाच चालेल म्हणाले, उगाच नवा गळ्यात मारला नाही.

बसायला जागा नाही. पाणी तुंबलं की रांग रस्त्यापर्यंत, आणि फोन कुणी उचलत नाही, थेट जा. ब्रेक लायनर साफ करायला आठवणीने सांगा, आपणहून करत नाहीत.