वर्कशॉपची वेबसाइट वर्डप्रेसवर: दहा महिन्यांनंतर

होमपेजवर आम्ही तीन आठवडे घालवले. रंगावरून दादाशी दोनदा अबोला झाला, वरचा फोटो पाच वेळा बदलला. आणि 'पंप फिरतो, पण पाणी चढत नाही' हे पान मी एका दुपारी, एका बैठकीत टाइप करून टाकलं. आज दहा महिन्यांनी गूगलवरून येणारे बहुतेक लोक थेट या दुसऱ्या पानावर उतरतात आणि होमपेजचं तोंडही न बघता फोन लावतात.

आमचं काम पंप आणि मोटर दुरुस्तीचं. दादा वर्कशॉप बघतो. फोन, बिलं आणि उरलेलं सगळं माझ्याकडे. कोडिंग मला येत नाही. वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर तयार ब्लॉक थीम, म्हणजे डिझाइनचा तयार साचा घेऊन साइट स्वतः उभी केली, आणि जिथं अडले तिथं एका डेव्हलपरला तासाच्या हिशेबानं बोलावलं. त्यामुळे हा अनुभव धंदा सांभाळून वेबसाइट करणाऱ्या माणसाचा आहे, डिझाइनरचा नाही.

आधी एक जुनं दुखणं सांगते, कारण पुढचे बरेच निर्णय त्यातून आले. काही वर्षांपूर्वी आम्ही एकाकडून वेबसाइट करून घेतली होती. त्यानं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं. पुढे त्यानं फोन उचलणं बंद केलं, डोमेनची मुदत संपली आणि व्हिजिटिंग कार्डांवर छापलेला पत्ता मेला. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक तोच. आमच्याकडे होत्या फक्त पैसे दिल्याच्या पावत्या. या वेळी पहिल्याच दिवशी डोमेन धंद्याच्या नावावर घेतलं, नूतनीकरण आपोआप होईल असं लावलं आणि लॉगिन दोघांकडे ठेवलं. सगळ्या खटाटोपातलं हे दहा मिनिटांचं काम, पण झोप याच कामामुळे नीट लागते.

तयार वेबसाइट-बिल्डरही पाहिले. तिथं होस्टिंग (साइट ठेवायला सर्व्हरवरची जागा), डिझाइन, सुरक्षा सगळं एकाच भाड्यात मिळतं आणि सुरुवात खरंच सोपी आहे. मला खटकलं ते एवढंच, की उद्या निघायचं ठरवलं तर मजकूर फार तर उचलता येतो, डिझाइन तिथंच राहतं. वर्डप्रेस २००३ पासून आहे, ओपन सोर्स (कुणालाही फुकट वापरता, बदलता येईल असं) आहे, आणि जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी दोन त्यावर चालतात, त्यामुळे एक डेव्हलपर गेला तर दुसरा मिळतो. बदल्यात निगराणी आपल्या गळ्यात पडते. ज्यांना महिन्यातून एक तासही त्यासाठी काढायचा नाही, त्यांनी बिल्डरच घ्यावा. खुशाल घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

नियोजनाला सगळ्यात उपयोगी पडली ती फोनशेजारी ठेवलेली वही. दोन आठवडे आलेला प्रत्येक फोन, माणूस जसा बोलला तशाच शब्दांत उतरवायचा. 'नुसता घूं करतो, फिरत नाही.' 'चालू केला की मेन स्विच पडतो.' 'मोटर हात लावू देत नाही इतकी तापते.' त्याआधी मी मेनूचा आराखडा केला होता तो असा: रिवाइंडिंग, मेकॅनिकल सील, बेअरिंग, इम्पेलर, बॅलन्सिंग. अख्ख्या वहीत 'मेकॅनिकल सील' हा शब्द एकदाही आला नव्हता. लोक म्हणतात, 'शाफ्टपाशी पाणी गळतंय.' सील गेलंय हे ज्याला कळतं, तो बहुधा सील स्वतःच बदलतो. त्याला आमची वेबसाइट कशाला हवी?

मग चिठ्ठ्या केल्या. एका चिठ्ठीवर एक तक्रार, आणि दुरुस्त पंप न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना म्हटलं, एकसारख्या वाटतील त्या एकत्र ठेवा. याला कार्ड सॉर्टिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. आम्ही सिंगल फेज आणि थ्री फेज असे गठ्ठे केले असते. लोकांनी केले 'सुरूच होत नाही', 'सुरू होतो पण पाणी नाही' आणि 'आवाज, गळती, तापणं'. तेच मेनूत घातले. दहा महिन्यांत बाकी जवळजवळ सगळं बदललं, मेनूला हात लावावा लागला नाही.

आराखडा आधी फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायला घेतला आणि पहिली संध्याकाळ बटणाचे कोपरे किती गोल ठेवायचे यात गेली. फिग्मा बंद केलं. पाठकोऱ्या कागदाच्या, फोनच्या रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि पेन्सिलनं काढलं. पट्टीवर मावलं नाही ते पान लांब झालंय, हे न मोजता दिसतं. मजकूरही आधी लिहिला, मग डिझाइन. थीमच्या नमुन्यात प्रत्येक बटणावर एकेक छोटा इंग्रजी शब्द असतो आणि सगळं देखणं दिसतं. तिथं 'नेमप्लेटचा फोटो पाठवा' लिहिलं की बटण दोन ओळींचं होतं. देवनागरीला ओळींमधली जागाही जास्त लागते. थीमच्या मूळ मापात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना टेकत होते. ओळीची उंची १.५ वरून १.७ केली, मग वाचवेना झालेलं पान वाचता येऊ लागलं.

पानांचे पत्ते मी हौसेनं देवनागरीत ठेवले होते. ब्राउझरच्या पट्टीत छान दिसायचे. पण तेच कॉपी करून कुणाला पाठवले की टक्क्यांची चिन्हं, आकडे आणि रोमन अक्षरं यांची तीन-चार ओळींची माळ व्हायची. एका गिऱ्हाइकानं विचारलं, 'हे व्हायरस वगैरे नाही ना?' दुसऱ्याच महिन्यात पत्ते छोट्या रोमन शब्दांचे केले आणि जुन्यांवरून ३०१ रीडायरेक्ट (जुना पत्ता टाकला तरी नव्यावर नेणारी कायमची सोय) लावले. सुरुवातीलाच केलं असतं तर एक रविवार वाचला असता.

आता होमपेज. दादाला वर सरकणारे पाच फोटो हवे होते. 'अगं, एवढं मोठं वर्कशॉप आहे, दिसू दे की!' फोटो थेट कॅमेऱ्यातले, एकेक तीन-चार एमबीचा. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सच्या (पान किती झटपट आणि स्थिर उघडतं याच्या मोजमापांच्या) हिशेबात पानावरचा सगळ्यात मोठा भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. आमच्याकडे मोबाइल डेटावर पहिला फोटो उतरेपर्यंत माणूस परत गेलेला असे. वाद घातला नाही, दादाच्याच फोनवर वायफाय बंद करून साइट उघडून दिली. पान येत होतं तेव्हा त्यानं 'फोन करा'वर बोट नेलं, तेवढ्यात वर फोटो येऊन बसला, बटण खाली सरकलं आणि बोट भलत्याच लिंकवर पडलं. फोटोंना रुंदी-उंची दिली नव्हती, म्हणून ब्राउझरनं जागा राखली नव्हती. 'काढ ते,' एवढंच म्हणाला. आता एकच फोटो आहे, १२०० पिक्सेल रुंद, वेबपी या हलक्या स्वरूपात, दीडशे केबीच्या आत. एक बारीक गोष्ट त्या डेव्हलपरनं दाखवली: आमचं एक प्लगइन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) हा वरचा फोटोही लेझी लोडमध्ये, म्हणजे तिथवर स्क्रोल केल्यावरच उतरवायच्या यादीत, टाकत होतं, म्हणजे जे सगळ्यात आधी दिसायला हवं तेच मुद्दाम उशिरा येत होतं. तेवढ्या एका फोटोपुरतं ते बंद केलं.

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग तपासणाऱ्या साधनाचा शंभरपैकी गुण मात्र मनाला लावून घेऊ नका. तो एका कृत्रिम चाचणीचा गुण आहे, दोनदा चालवली तर दोन आकडे येतात. खऱ्या लोकांचा २८ दिवसांचा अनुभव त्याच पानावर वर दिसतो, पण तेवढी वर्दळ असेल तरच. आमच्याकडे पहिले काही महिने 'पुरेसा डेटा नाही' एवढंच यायचं. माझी खरी चाचणी म्हणजे वर्कशॉपच्या मागच्या खोलीतला जुना फोन, जिथं रेंज धड येत नाही.

रंगाचा अबोलाही इथंच सुटला. लोगोचा नारिंगी दादाचा लाडका, म्हणून बटणं नारिंगी आणि अक्षरं पांढरी. नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना ४.५ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीतला उजेडाचा फरक) हवा असं सुगम्यतेचे, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले, नियम सांगतात. आमचा मोजला तर तीनच्याही खाली. पण दादाला पटलं ते आकड्यानं नाही. पंप बंद पडलेला माणूस उन्हात उभा राहून फोन बघत असतो, असं म्हटल्यावर पटलं. नारिंगी लोगोत राहिला, बटणं गडद निळी झाली.

आता सगळ्यात मोठी फजिती. फॉर्ममध्ये आधी नऊ रकाने होते: हॉर्सपॉवर, फेज, हेड (पाणी किती उंच चढवायचं), कंपनी आणि काय काय. कुणी भरेना. मग तीनच ठेवले: फोन नंबर, काय होतंय, आणि नेमप्लेटचा फोटो. नेमप्लेटवर दादाला लागणारं बहुतेक सगळं असतं, त्यामुळे कल्पना उत्तम होती. फॉर्म येऊ लागले, फोटोही येत होते. मग फोनवर एक जण म्हणाला, 'तीनदा पाठवला, तुमचं चालत नाही.' दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. मी स्वतः करून पाहिलं, व्यवस्थित गेला. त्यांचंच काहीतरी चुकत असेल, असं म्हणून सोडून दिलं. याची अजून लाज वाटते.

कारण सापडायला सहा आठवडे लागले. सर्व्हरवर पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिची) अपलोड मर्यादा मूळची २ एमबी असते आणि आमच्याकडे ती तशीच होती. फोनच्या कॅमेऱ्यातून काढलेला फोटो सहज चार-पाच एमबीचा. मी चाचणीला वापरत होते तो फोटो दादानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला, म्हणजे आधीच आक्रसलेला. ज्यांचे फोटो येत होते तेही असेच कुणीतरी पाठवलेले फोटो टाकणारे. जो पंपासमोर उभा राहून ताजा फोटो काढतो, म्हणजे ज्याच्यासाठी फॉर्म केला, नेमका तोच अडत होता. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली लिहिलं होतं, की पाच माणसांवर चाचणी घेतली तरी बहुतेक अडचणी दिसतात. मी पाच माणसं बसवली होती. पण पाचांनाही फोटो मीच पुरवला होता.

बरं, चूक झाल्याचा संदेश तरी दिसायला हवा होता ना? तो येत होता. बारीक लाल अक्षरांत, इंग्रजीत, बटणाच्या खाली. आणि मोबाइलवर तिथंच तळाला आमची चिकटून राहणारी 'फोन करा' पट्टी होती, तिनं तो झाकला होता. मर्यादा १६ एमबी केली, संदेश मराठीत करून बटणाच्या वर आणला, आणि फोटो नसला तरी फॉर्म जाईल असं केलं.

फॉर्मची ईमेलं स्पॅममध्ये जाण्याचा प्रकारही झालाच. प्रेषक म्हणून गिऱ्हाइकाचा पत्ता टाकला की आमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावानं पत्र पाठवतोय असं दिसतं आणि ईमेल सेवा ते अडवतात. प्रेषक आमच्या डोमेनचा ठेवला, 'रिप्लाय-टू'मध्ये गिऱ्हाइकाचा, आणि डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम (पत्र खरंच आमच्याच डोमेनचं आहे हे पटवणाऱ्या नोंदी) लावून घेतलं. शिवाय प्रत्येक फॉर्म आता डेटाबेसमध्येही साठतो. आधी तो फक्त ईमेलनं जायचा. हरवला की हरवला.

देखभालीचं थोडक्यात: १९ प्लगइन होती, सात उरली. पाचव्या महिन्यात एका अपडेटनं फॉर्म मोडला, तेव्हा कळलं की बॅकअपही त्याच सर्व्हरवर ठेवलाय. आता तो दुसरीकडे जातो, आणि एकदा तो परत चढवूनही पाहिला.

आकडेवारीसाठी गूगल अ‍ॅनालिटिक्स लावलं खरं, पण महिन्यातून एकदाही उघडत नाही. सर्च कन्सोल मात्र दर सोमवारी. लोक काय शब्द टाकून आले ते तिथं दिसतं आणि माझ्या वहीशी ताडून बघता येतं. 'पाणी चढत नाही'च्या पानावर मी फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) कसा बघायचा, सक्शनच्या (पाणी ओढणाऱ्या) पाइपात हवा शिरतेय का, प्राइमिंग (पंप पाण्यानं भरून हवा काढणं) कसं करायचं, हे सरळ लिहून टाकलंय. दादाची यावर तक्रार आहे. 'आपण फुकट शिकवतोय लोकांना!' खरं आहे, काही जण वाचून स्वतः दुरुस्त करतात. पण नुसत्या प्राइमिंगसाठी घातलेल्या फेऱ्या आता बंद झाल्यात, आणि येतात ते फोन 'हे सगळं करून पाहिलं, तरी नाही' असे येतात. तो पंप सरळ टेबलावर घेता येतो.

फसलेल्या गोष्टींत 'बातम्या' विभाग आहे. दोन नोंदी, दुसरी सात महिन्यांपूर्वीची. बंद दुकानाच्या पाटीसारखा दिसतो, या आठवड्यात काढून टाकणार आहे. चॅटचा बुडबुडा दोन महिने ठेवला. उत्तर द्यायला कुणी नसायचं, काढला.

वही अजून फोनशेजारीच आहे. गेल्या महिन्यापासून तिच्यात एकच वाक्य सगळ्यात जास्त येतंय: 'आमचा पंप झाला का?' दादा म्हणतो याला कसलं पान, फोन उचलायचा आणि सांगायचं. मी पाठकोऱ्या कागदाची पट्टी कापून ठेवली आहे. वर पावती क्रमांकाचा रकाना काढलाय, खाली तीन शब्द: आलाय, उघडलाय, तयार. 'उघडलाय' आणि 'तयार'च्या मध्ये पार्ट मिळत नाही म्हणून जे दिवस जातात, त्यांना काय म्हणायचं यावर आमचं अडलंय.