काउंटरच्या आत जाऊ देणारे दुकान

सोलापुरात ‘वाईन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात खरोखरच वाईन मागितली, तर जाळीपलीकडचा माणूस क्षणभर थबकतो आणि मागच्या फळीवरची एखादी बाटली धूळ पुसून पुढे करतो, कारण त्याचा सारा धंदा व्हिस्कीच्या क्वार्टरवर आणि थंड बिअरवर चाललेला असतो. विजापूर रस्त्याच्या बाजूला आमच्या वसाहतीजवळ असलेल्या दुकानाकडूनही माझी यापेक्षा वेगळी अपेक्षा नव्हती. दीड वर्षाच्या खरेदीनंतर मात्र माझे मत बऱ्याच अंशी बदलले आहे.

येथे जाळी फक्त रस्त्याकडच्या खिडकीला आहे. क्वार्टर घेणाऱ्यांची झुंबड तेथेच राहते, आणि बाजूच्या काचेच्या दारातून आत गेले की बाटली हातात घेऊन, लेबल सावकाश वाचून निवडता येते. दहा माणसांच्या खांद्यांवरून नोटा पुढे करण्याची वेळ ज्या स्त्रीवर आली असेल, तिला या दाराची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. दुकानदार वयाच्या बाबतीतही काटेकोर आहेत. व्हिस्की, रम यांसाठी २५ वर्षे आणि बिअर-वाईनसाठी २१ वर्षे ही अट ते पाळतात. एका कॉलेजच्या मुलाला आधार कार्ड पाहून त्यांनी माझ्यासमोर परत पाठवले.

माझा खरा रस होता तो अकलूजच्या वाईनमध्ये. माळशिरस तालुका आपल्याच जिल्ह्यातला. तेथे फ्रातेल्ली या वाईन कंपनीच्या मळ्यांत सांजोवेझे हे मूळचे इटालियन द्राक्ष पिकते, तरी सोलापूरच्या दुकानांत नाशिकची बाटली आधी पुढे येते. येथे अकलूजची शिराझ, सांजोवेझे आणि शेनिन ब्लाँ अशा तिन्ही वाईन बहुतेक वेळा मिळतात. (थंड शेनिन ब्लाँ आणि शेंगा चटणी लावलेली कडक भाकरी हा मेळ पाहुण्यांना सांगितला की ते हसतात, चाखल्यावर हसत नाहीत.)

तथापि मे महिन्यात ४२ अंशांपलीकडे जाणाऱ्या या गावात वाईन कोठे बनली यापेक्षा ती दुकानात कशी ठेवली, हे अधिक महत्त्वाचे ठरते. गेल्या उन्हाळ्यात मी पश्चिमेकडच्या काचेजवळच्या मांडणीतून सांजोवेझेची एक बाटली उचलली, तेव्हा मानेवरच्या वेष्टनाखाली बोटाला चिकटपणा लागला आणि बूच किंचित वर आल्याचे जाणवले. उष्णतेने आतला द्रव प्रसरण पावला की बूच ढकलले जाते, वाईन झिरपते आणि हवा आत शिरते; अशी वाईन उकडलेल्या फळासारखी लागते. मी काही बोलण्याआधीच दुकानातला पोरगा म्हणाला, “मॅडम, ती नका घेऊ, तिथं ऊन येतं. आतल्या एसीतली देतो.” त्याने आतून आणलेली बाटली आडवी ठेवलेली होती, म्हणजे बूच ओले राहील याची काळजी कोणीतरी घेत होते. मालाची इतकी जाण असलेला नोकर मला इतरत्र भेटलेला नाही. पण मग तोच माल उन्हात मांडून कोणासाठी ठेवला आहे, हा प्रश्न उरतोच. फिरकीच्या झाकणाची बाटली उभी ठेवली तरी चालते, उन्हात ठेवलेली मात्र कोणतीच चालत नाही.

दुसरी तक्रार पैशांची आहे. बिअरच्या थंड बाटलीवर छापील किमतीपेक्षा १० रुपये जास्त मागण्यात आले आणि कारण विचारता “कूलिंगचे” असे उत्तर मिळाले. छापील कमाल किमतीत सर्व काही धरलेले असते, असे मी शांतपणे सांगून बिल मागितले, तेव्हा दहा रुपये परत मिळाले. बिल मात्र मागितल्याशिवाय आजही मिळत नाही. आषाढी एकादशी किंवा २ ऑक्टोबर यांसारख्या ड्राय डेची सूचना दोन दिवस आधी दारावर लागते, ही मात्र चांगली सोय आहे.

काचेला पडदा लावण्याविषयी मी मे महिन्यातच दुकानदारांशी बोलले. त्यांनी मान डोलावली आणि अगदी मनापासून म्हणाले, “बरोबर आहे मॅडम, गड्ड्यापर्यंत नक्की लावतो.” सिद्धेश्वरांच्या यात्रेचा गड्डा भरतो जानेवारीत, अंगावर शाल घेऊन.