मेनिंजायटिसची लस, पुण्यातलं पौड रोडचं क्लिनिक : कुठल्या गटावर चालते ते नीट सांगणारे लोक

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांच्या घरच्यांनी हे जरूर वाचा. माझी भाची ऑगस्टमध्ये मास्टर्सला अमेरिकेला चाललीय, युनिव्हर्सिटीच्या फॉर्मवर मेनिंजायटिसच्या (मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते तो आजार) लशीचं सर्टिफिकेट मागितलंय, ती लस आम्ही इथे घेतली. टोचायचं काम कुठेही होतं हो, पण ही लस कशावर चालते आणि कशावर नाही हे इथल्या डॉक्टर मॅडमनी जसं सांगितलं तसं मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी फोन केला होता, तिथे "हो हो, सगळं कव्हर होतं, या तुम्ही" एवढंच उत्तर. आणि तेच तर चूक आहे, सगळं कव्हर होत नाही!

तर झालं असं की मॅडमनी कागद घेतला आणि त्यावर ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय अशी सहा अक्षरं लिहिली. ही लस ज्या मेनिंगोकोकस बॅक्टेरियावर आहे त्याचे बारा गट माहीत आहेत पण माणसाला आजारी पाडतात ते मुख्यतः हे सहा. भाचीला म्हणाल्या, "हे बघ, आज तुला यातले चार मिळणार, बी आणि एक्स राहणार, ते का राहतात ते समजून घे."

या जंतूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचं आवरण असतं आणि गट ठरतो तो त्या आवरणावरून. डब्ल्यू आणि वाय यांच्यात फरक केवढा, तर एकात गॅलॅक्टोज आणि दुसऱ्यात ग्लुकोज, बाकी रचना तीच. बी आणि सी तर एकाच साखरेचे, फक्त कडी जोडलीय वेगळ्या जागी. एवढ्याशा फरकाने आपलं शरीर एकाला ओळखतं आणि दुसऱ्याला सोडून देतं, मला हे ऐकून खरंच थक्क व्हायला झालं. त्यात हे जंतू शेजारच्या जंतूचा डीएनए उचलून आवरणच बदलू शकतात, म्हणजे आतला जंतू तोच आणि गट वेगळा.

बीची अडचण अशी की त्याची साखर आपल्या मज्जातंतूंच्या पेशींवरच्या साखरेसारखीच असते, त्यामुळे शरीर तिला परकं समजतच नाही. म्हणून बीसाठी आवरण सोडून जंतूच्या पृष्ठभागावरची प्रोटीन घ्यावी लागली. २००० साली या जंतूचा अख्खा जीनोम (म्हणजे सगळा डीएनए) वाचला गेला आणि त्यातून रिनो रॅपुओली या शास्त्रज्ञांच्या टीमने कॉम्प्युटरवर प्रोटीन शोधून काढली, तीच पुढे बेक्ससेरो नावाची लस झाली, युरोपात २०१३ ला मंजुरी मिळाली. ब्रिटनमध्ये २०१५ पासून तान्ह्या बाळांना देतात. पण इथेही तीच गोष्ट, त्यातलं एफएचबीपी नावाचं प्रोटीन एकाच रूपात येत नाही, हजाराहून जास्त रूपं सापडलीत. बेक्ससेरोत त्यातलं एक रूप आणि सोबत आणखी काही प्रोटीन आहेत, ट्रुमेन्बा नावाच्या लशीत याच प्रोटीनची दोन रूपं आहेत, म्हणून बीची लस घेतली तरी बीच्या प्रत्येक जंतूवर ती चालेलच असं नाही. हे मॅडमनी न विचारता सांगितलं. बीची लस त्यांच्याकडे नव्हती, तेही सरळ सांगितलं, तिकडे गेल्यावर कॅम्पसच्या हेल्थ सेंटरला विचार म्हणाल्या, १६ ते २३ वयात डॉक्टरशी बोलून घेता येते तिथे. आता तर अमेरिकेत हे चार आणि बी असे पाच गट एकत्र असलेली लस पण आलीय, २०२३ मध्ये पहिली मंजूर झाली.

एक्सचं ऐकून मात्र पुणेकर म्हणून ऊर भरून आला. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत मेनिंजायटिसचा पट्टा आहे, १९९६-९७ च्या साथीत तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि २५ हजार गेले, बहुतेक ए गटाने. त्यावरची मेनआफ्रिव्हॅक ही लस आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूट या लस कंपनीने बनवली, डोसची किंमत अर्ध्या डॉलरपेक्षा कमी, डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत सुरुवात झाली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा एकही पक्का रुग्ण सापडलेला नाही. पण ए गेला तरी सी, डब्ल्यू, एक्स होतेच, २०१५ ला नायजरमध्ये सीची मोठी साथ आली. मग सीरमनेच पाथ या संस्थेबरोबर ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स अशी पाच गटांची मेनफाइव्ह काढली, एक्सवर चालणारी ही पहिलीच लस. मार्च २०२४ ला नायजेरियात ती सुरू झाली. आपल्या शहरात हे काम होतं आणि आपल्याला धड माहीत नसतं, शाळेत शिकवलं पाहिजे हे.

आम्ही मेनव्हिओ नावाची चार गटांची लस घेतली. सिस्टरनी फ्रीजमधून आमच्यासमोर काढली, तापमानाचा आकडा दाखवला, एका बाटलीत पावडर आणि दुसरीत पातळ औषध असतं. ए गटाची साखर पातळ औषधात टिकत नाही म्हणून ती कोरडी ठेवतात, हेही सिस्टरनीच सांगितलं. टोचल्यावर थोडा वेळ बसवून ठेवलं, हात दोन दिवस दुखला, बाकी काही नाही.

आमच्या आधी कोंढव्याचं एक जोडपं होतं उमराहला (मक्केच्या यात्रेला) निघालेलं, त्यांनाही हीच लस. २००० साली हजच्या वेळी डब्ल्यू गटाची साथ झाली, तेव्हापासून सौदीत चार गटांच्या लशीचा आग्रह आहे. चाचांना तारखा मोजून दिल्या, पोचायच्या किमान दहा दिवस आधी लस झालेली लागते, त्यांचं तिकीट जवळ आलेलं म्हणून रिसेप्शनवरच्या ताईंनी त्यांना आधी आत सोडलं, कुणी कुरकुर केली नाही.

आता तक्रारी. पार्किंग नाहीच, संध्याकाळी पौड रोडला गाडी लावायची म्हणजे गल्ल्या फिरत बसायचं, सरळ रिक्षाने या. किंमत फोनवर सांगत नाहीत हे मला अजिबात पटलं नाही, लस महाग आहे, दोन मुलं असली तर माणसाने आधी हिशोब करायला नको का? आणि वेटिंगला खुर्च्या कमी, आजी-आजोबा उभे होते.

तरी ५ पैकी ४ देते. या आजारात उपचार वेळेत मिळूनही दहातला एक तरी दगावतो, ताप, मान आखडणं, अंगावर लाल-जांभळे डाग दिसले तर लस घेतलेली असली तरी ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं, "चार गटांची घेतलीय म्हणून घरी बसू नकोस" हे मॅडम भाचीला दोनदा म्हणाल्या. जाताना फोन करून लस शिल्लक आहे का विचारा, पासपोर्टची झेरॉक्स न्या, आणि सर्टिफिकेटवर नुसतं मेनिंजायटिस न लिहिता ए-सी-वाय-डब्ल्यू असं गटासकट आणि बॅच नंबर टाकून लिहून घ्या, युनिव्हर्सिटीवाले तेच बघतात.