फ्रीकोडकॅम्पचे इफ-एल्सचे धडे आणि माझी चकलीची ऑर्डर

घरगुती फराळाच्या ऑर्डरींसाठी एक साधं वेबपान आपणच करावं, असं माझ्या डोक्यात होतं. त्यासाठी आधी आमच्याकडच्या एका क्लासला तीन महिने गेले. सर फळ्यावर इफ-एल्स, म्हणजे 'अट खरी असेल तर हे कर, नाहीतर ते' असा कोड, लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो. मग भाच्याने कोडिंग शिकवणाऱ्या फ्रीकोडकॅम्प या संकेतस्थळावरचे जावास्क्रिप्टचे (वेबपानांसाठी वापरतात त्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे) जुने धडे दाखवले. पैसे नाहीत. माहिती वाचायची, शेजारच्या चौकटीत कोड लिहायचा, चाचण्या चालवायच्या. चुकलं तर नेमकी कुठली चाचणी अडली ते तिथेच दिसतं. मी सगळं इंग्रजीतच वाचलं, पण वाक्यं छोटी.

त्यात अटींच्या क्रमाचा एक धडा आहे. '१० पेक्षा कमी' ही अट आधी आणि '५ पेक्षा कमी' नंतर अशी चुकीची मांडणी देतात, ती आपण सुधारायची. मी दोन मिनिटांत उरकला आणि पुढे गेले. एवढं काय त्यात!

मग स्वतःच्या पानावर लिहिलं: ५०० च्या वर ५ टक्के सूट, एल्स इफ (म्हणजे ती अट खोटी ठरली तरच तपासायची पुढची अट) १००० च्या वर १० टक्के. एका ताईंची ऑर्डर १४०० ची. त्यांचा फोन, "काकू, १४० कमी होणार होते ना? इथे ७० च दिसतायत." बरोबरच होतं त्यांचं. १४०० हे ५०० पेक्षाही जास्तच की! पहिलीच अट खरी ठरली, पुढची कुणी वाचलीच नाही. १००० ची अट वर नेली आणि ताईंना पाव किलो चकली जास्त दिली.

त्यानंतर तिथलाच गोल्फचा धडा पुन्हा केला. त्यात फटके किती लागले त्यावरून खेळाडूच्या कामगिरीचं नाव सांगणारा प्रोग्रॅम लिहायचा असतो. मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही. पार (ठरलेले फटके), बर्डी (त्याहून एक कमी), ईगल (दोन कमी) हे भाच्याकडून समजून घेतलं. पण सराव म्हणून धडा झकास आहे. पार ४ असताना चेंडू एकाच फटक्यात खड्ड्यात गेला, तर ती अट सगळ्यात आधी हवी, नाहीतर उत्तर 'ईगल' येतं. फारच फटके घेतले तर प्रोग्रॅम चक्क 'घरी जा' म्हणतो.

स्विचचा, म्हणजे एका किमतीवरून अनेक पर्यायांतला जुळणारा निवडायचा, धडाही चांगला, फक्त स्वतःच्या पानावर वापरताना एक लक्षात ठेवा. यादीतून निवडलेला १ हा आकडा नसतो, मजकूर असतो, आणि स्विच दोन्ही एक धरत नाही. माझी प्रत्येक ऑर्डर डीफॉल्टमध्ये (काहीच जुळलं नाही तर चालतो त्या भागात) जात होती. जावास्क्रिप्टमधलं 'नंबर' हे फंक्शन लावून त्या मजकुराचा आकडा करून घेतला, मग जमलं.