उरीनंतर पायी, पुलवामानंतर विमानाने

१८ सप्टेंबर २०१६ ला काश्मीरमधल्या उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला, १९ जवान गेले. अकराव्या दिवशी पहाटेपर्यंत कमांडो नियंत्रण रेषा ओलांडून, कारवाई करून परतही आले होते. संरक्षणमंत्री तेव्हा आपले गोव्याचे पर्रीकर. पाकिस्तानने ‘असं काही घडलंच नाही’ म्हटलं आणि प्रकरण तिथेच थांबलं. पायी जाण्याचा खरा फायदा हाच: समोरच्याला कानाडोळा करायला जागा उरते.

बालाकोटचं तसं नव्हतं. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यात बुलढाण्याचे दोघे. २६ तारखेच्या पहाटे आपली मिराज विमानं थेट पाकिस्तानातल्या खैबर पख्तुनख्वा प्रांतात, बालाकोटला बॉम्ब टाकून आली. मारा लांबचा, पण झाकायचा कसा? दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानी विमानं आली. आपलं मिग-२१ पडलं, त्याचे वैमानिक अभिनंदन वर्धमान पकडले गेले, १ मार्चला वाघा सीमेवरून परतले. त्याच गडबडीत बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाई दलाचे सहा जण आणि खालचा एक नागरिक गेला; त्या सहांत नाशिकचा एक वैमानिकही होता. टीव्हीवर मात्र दिवसभर अभिनंदन यांच्या मिशांचीच चर्चा.

नेमकं किती साधलं, यावर दोन्ही वेळा वाद झाले. मला विचाराल तर उरीनंतरची कारवाई जास्त हिशेबी वाटते.